बिडकीनजवळची नवी कंपनी आणि एका घरातल्या तीन नोकऱ्या

बिडकीनजवळच्या एका नव्या कंपनीच्या भूमिपूजनाला गावातले शेतकरी तात्या माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. स्टेजवरून "400 रोजगार" असं जाहीर झालं, टाळ्या पडल्या, आणि तात्या माझ्याकडं वाकून हळूच म्हणले, "सर, ह्याच्यातले आपल्या गावाचे किती?" मला उत्तर देता आलं नाही. मी आयटीआयमधे फिटर ट्रेड शिकवतो, पोरांना कामाला लावणं हेच माझं रोजचं काम, तरी नाही देता आलं. तो प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून पुढं दोन-अडीच वर्षं मी ही एकच कंपनी आणि तात्यांचं एकच घर बघत राहिलो, वहीत लिहीत गेलो, ते इथं मांडतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि घरातल्यांची पण नाही, कारण त्या लेकरांना अजून तिथंच काम करायचंय.

ज्यांनी हा भाग बघितला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. संभाजीनगरहून पैठण रोडला लागलं की नक्षत्रवाडी, चितेगाव आणि मग बिडकीन. ऑरिक म्हणतात ते औद्योगिक शहर शेंद्रा आणि बिडकीन मिळून साधारण 10,000 एकरांचं आहे, दिल्ली-मुंबई कॉरिडॉरमधलं, आणि त्यातली बरीचशी जमीन बिडकीनच्या बाजूची. शेतकऱ्यांना एकरी 23 लाख भाव मिळाला. पैसे आल्यावर कोणी घर बांधलं, कोणी पोरीचं लग्न केलं, कोणी गाडी घेतली, तात्यांनी गेवराईकडं थोडी जमीन घेतली आणि उरलेल्यात घर बांधलं, पण गेवराईची जमीन रोज उठून कसायला जाता येत नाही म्हणून ती बटईनं दिली. म्हणजे घरात चार हाताला काम असायचं ते एकदम बंद झालं आणि सगळ्यांची नजर कंपन्यांकडं लागली. मग 2024 च्या जूनमधे एथर ह्या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या कंपनीची घोषणा झाली, 2,000 कोटी आणि साधारण 4,000 रोजगार, आणि 31 जुलैला टोयोटाचा करार, 20,000 कोटी आणि 8,000 थेट रोजगार. ह्या आकड्यांनी गावात जी आशा लागली ती मी बघितलीये. चहाच्या टपरीवर पोरं मोबाईलवर बातमी उघडून एकमेकाला वाचून दाखवायची.

आणि ही आशा खोटी नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडं वाळूज डोळ्यासमोर आहे. 1985 ला बजाजचा कारखाना आला, त्याच्यामागं पार्ट बनवणारे आले, एन्ड्युरन्स त्याच वर्षी ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात पार्ट ओतायच्या, दोन मशीनवर सुरू झाली आणि आज केवढी झाली. गंगापूर, पैठण, वैजापूर तालुक्यातली कितीतरी घरं त्या वाळूजच्या पगारावर उभी राहिली. तात्यांचा थोरला तिथंच कामाला होता, रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन. पण वाळूजची जी आठवण लोकांच्या मनात आहे ती जुनी आहे, दहावी झालेलं पोरगं हेल्पर म्हणून गेटमधून आत जायचं आणि मशीनवरच शिकून ऑपरेटर व्हायचं. लोकांना वाटतं नवी कंपनी पण तशीच पोरांना आत घेईल. इथंच गडबड होते.

आता ही कंपनी. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची ॲल्युमिनियमची पेटी आणि मोटरचं हाउसिंग बनवते, मोठ्या गाडीवाल्यांना पुरवते. वितळलेलं ॲल्युमिनियम प्रचंड दाबानं डायमधे जातं, कास्टिंग बाहेर निघतं, त्याच्या कडा साफ करतात त्याला फेटलिंग म्हणतात, मग व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, मशिनिंग, मग गळती तपासायची लीक टेस्ट, मग असेंब्ली. जुन्या शॉपमधे माणूस चिमट्यानं गरम कास्टिंग काढायचा, इथं रोबोट काढतो, डायवर स्प्रे पण तोच मारतो. माणूस बाजूला उभा राहून स्क्रीन बघतो आणि काही अडलं तर सोडवतो. म्हणजे अंगमेहनतीची जी कामं पहिल्यांदा गावच्या पोराला मिळायची ती मशीननं घेतली, आणि जी राहिली ती दोन टोकाची राहिली, एक तर स्क्रीन वाचता येणाऱ्याची नाहीतर फेटलिंगला ग्राइंडर धरणाऱ्याची. मधला जिना गेला.

भूमिपूजनापासून पहिला माल निघेपर्यंत 22 महिने लागले. हा आकडा लक्षात ठेवा, मी परत त्याच्यावर येणारे.

तात्यांचा धाकटा माझ्याच बॅचला होता, फिटर, हात चांगला, फायलिंगमधे तर वर्गात पहिला. भरतीच्या दिवशी मी आठ पोरांना घेऊन गेलो. सकाळी सात वाजता गेटवर दीडशेच्या वर पोरं होती, कोणी जालन्याहून, कोणी बीडहून, कोणी थेट जळगावहून रात्रीच्या गाडीनं आलेलं, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमधे मार्कशीट. धाकट्याचा नंबर साडेअकराला लागला. मला आत बसू दिलं होतं म्हणून मी समोरून बघितलं. पहिल्यांदा व्हर्नियर दिलं, त्यानं पटकन माप सांगितलं. मायक्रोमीटर दिलं, ते पण बरोबर. मग साहेबांनी त्याला लीक टेस्टच्या मशीनपुढं उभं केलं. त्यात पार्ट बसवायचा, सगळी तोंडं सीलनं बंद होतात, आत हवा भरली जाते, थोडा वेळ थांबायचं आणि दाब किती उतरला ते स्क्रीनवर येतं, ठरलेल्या हद्दीपेक्षा जास्त उतरला तर पार्ट रिजेक्ट. साहेबांनी मुद्दाम सील नीट न बसवता सायकल चालवली, स्क्रीन लाल झाली, आणि विचारलं, "पार्ट खराब आहे का मशीन?" धाकटा स्क्रीनकडं बघत राहिला. उजवा हात त्यानं पार्टवर ठेवला होता, अंगठ्यानं तो कडेला चाचपत होता, कुठं भोक-बिक लागतंय का ते, कारण त्याला आम्ही तेच शिकवलंय, हाताला काय लागतं ते बघ. सीलकडं बघायचं, दुसरा चांगला पार्ट लावून परत चालवून बघायचं, हे त्याला सुचलं नाही, सुचणार कसं, असलं मशीन त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं. आमच्या वर्कशॉपमधे लेथ आहेत, त्यातल्या दोन माझ्या वयाच्या.

त्याची निवड झाली नाही. माझ्या आठातले दोन घेतले, ते दोघं आधी सहा महिने चिकलठाण्याच्या एका छोट्या शॉपमधे काम करून आलेले. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूमची पोरं मात्र मुलाखतीतच नक्की झाली, त्यांना डाय म्हणजे काय, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन काय हे हातानं करून माहीत असतं. त्या दिवशी परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. मला राग पोरांचा नव्हता आणि खरं सांगतो, कंपनीचा पण नव्हता.

दोन महिन्यांनी मी कंपनीच्या एचआरवाल्यांना भेटलो. भला माणूस, मूळचा परभणीकडचा, त्यांनी कागदावर मला 400 ची फोड करून दाखवली. कायम, म्हणजे कंपनीच्या रोलवर, साधारण 90. ट्रेनी आणि ॲप्रेंटिस 120. उरलेले सगळे ठेकेदाराकडचे, त्यात फेटलिंग, लोडिंग, हाउसकीपिंग, कँटीन, सिक्युरिटी आलं. घोषणेत सगळे मिळून 400. मी विचारलं गावचे किती, ते म्हणले 31, आणि त्यातले रोलवर 2. मग मी त्या 80 टक्क्याच्या नियमाबद्दल विचारलं, कारण गावात सगळे तेच धरून बसलेत, सवलती घेणाऱ्या उद्योगात 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना. ते म्हणले, "सर, आमचे 80 च्या वर आहेत. पण नियमात स्थानिक म्हणजे 15 वर्षं महाराष्ट्रात राहणारा." म्हणजे कोल्हापूरचा पण स्थानिक, नागपूरचा पण स्थानिक, आणि ज्याच्या बांधावर कंपनी उभी राहिली तो पण तेवढाच स्थानिक, त्याच्यापेक्षा जास्त नाही. कंपनीनं नियम मोडला नव्हता. फक्त नियमाचा अर्थ गावाला कोणी सांगितलाच नव्हता, मांडवात त्या दिवशी एवढे जण बोलले, हे एक वाक्य कोणीच बोललं नाही, आणि मला हे फार लागलं.

धाकटा शेवटी ठेकेदारामार्फत आत गेला, फेटलिंगला. गॉगल, मास्क, कानात प्लग, आठ तास ग्राइंडर. घरी आल्यावर बोटं नीट मिटत नाहीत म्हणून आई कोमट पाण्यात मीठ टाकून द्यायची. चार महिन्यांनी तो पगाराची स्लिप घेऊन माझ्याकडं आला, म्हणाला सर हातात कमी येतंय, काहीतरी चुकलंय. ओट्यावर बसून आम्ही स्लिप वाचली. पीएफ कामगाराच्या पगारातून 12 टक्के कापतात आणि तेवढेच मालकानं त्याच्या खिशातून भरायचे असतात. ईएसआय, म्हणजे दवाखान्याचा विमा, त्यात कामगाराचा 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25. ह्याच्या स्लिपमधे दोन्हीकडचं याच्याच पगारातून कापलेलं, वर लिहिलेलं "सीटीसी", म्हणजे मालकाला पडणारा एकूण खर्च. त्याला वाटायचं पीएफ म्हणजे 24 टक्केच असतो. मग त्याच्या मोबाईलवर यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, टाकून पासबुक उघडलं, तर चार महिन्यांपैकी दोनच महिन्यांचे पैसे जमा. तो गप्प झाला, मग म्हणाला, "सर, फेटलिंगच्या सगळ्याच पोरांचं असं असंल." होतंच तसं.

मी हे एचआरकडं घेऊन गेलो. ठेकेदारानं पीएफ नाही भरला तर जबाबदारी शेवटी मुख्य मालकावर, म्हणजे कंपनीवर येते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. त्यांनी ठेकेदाराला बोलावलं, पुढच्या महिन्यापासून स्लिप सुधारली, राहिलेल्या दोन महिन्यांचा भरणा पण झाला. आधी जास्तीचे कापलेले पैसे मात्र पोरांना परत मिळाले नाहीत. वाचणाऱ्यांपैकी कोणाचं पोरगं ठेकेदाराकडं असेल तर एवढं करा, पासबुक दर महिन्याला उघडून बघा, स्लिपवर मालकाचा वाटा कुठून कापलाय ते बघा, दोन मिनिटाचं काम आहे.

आता घरातली दुसरी नोकरी, आणि ह्याचा तर कोणी विचारच केला नव्हता. तात्यांची लेक, बारावी सायन्स झालेली, घरी बसून, स्थळं बघणं चालू. लीक टेस्ट आणि असेंब्लीच्या लाईनला कंपनीला मुली हव्या होत्या, बारीक काम, स्क्रीन बघून नोंद करायची, कंपनी तीन महिने शिकवणार. तिची मैत्रीण फॉर्म भरायला निघाली म्हणून ही पण गेली आणि निवड हिची झाली. जे मशीन धाकट्याला अडलं त्याच मशीनवर आज त्याची बहीण उभी असते. ती धाकट्यापेक्षा हुशार आहे म्हणून नाही, तिला तीन महिने शिकवलं म्हणून. ह्या एका गोष्टीत मला सगळं प्रकरण दिसतं.

पण तिची नोकरी पहिल्याच महिन्यात जायची वेळ आली होती. सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते, कंपनीची बस फाट्यावर सोडते, आणि फाट्यापासून घर दोन किलोमीटर, मधे वस्ती नाही, लाईट नाही. तात्या म्हणले, नको, पोरीच्या जातीला रात्री असं चालत यायला लावायचं नाही, पहिली शिफ्ट देत असतील तर ठीक. भावकीत पण कुजबूज सुरू झालेली. खरं म्हणजे बाईमाणसाला रात्रीच्या शिफ्टला लावायचं तर तिची संमती आणि घरापर्यंतची गाडी ही कंपनीची जबाबदारी असते, पण बसचा रूट शहराच्या बाजूनं आखलेला, गावातल्या चार मुलींसाठी कोण बदलणार. तेव्हा तिची आई बोलली. ती आयुष्यात कधी अशा ठिकाणी बोलली नसेल, पण एचआरवाले घरी आले होते तेव्हा ती चहा ठेवून दारातच उभी राहिली आणि म्हणली, "साहेब, जमीन घ्यायला तुमची गाडी दारापोतर आली होती. पोरीला सोडायला पण येऊ द्या." पुढच्या सोमवारपासून एक छोटी गाडी गावात यायला लागली. चार मुलींच्या सात झाल्या. तात्यांनी स्थळं बघणं सध्या थांबवलंय.

थोरल्याचं थोडक्यात सांगतो. त्यानं वाळूजची नोकरी सोडली, कर्ज काढून छोटा हत्ती घेतला आणि बिडकीन ते वाळूज पार्टची ने-आण करतो. गाडीचा हप्ता, डिझेल जाऊन वाळूजपेक्षा बरं उरतं असं तो म्हणतो, ज्या महिन्यात कंपनीचं शेड्युल पडतं, म्हणजे माल कमी निघतो, त्या महिन्यात मात्र काहीच उरत नाही. सरकारी भाषेत हा अप्रत्यक्ष रोजगार. गावात असे बरेच झालेत, खोल्या भाड्यानं देणारे, मेस चालवणाऱ्या दोन बाया, पाण्याच्या जारवाला, पंक्चरवाला. मी मोजून बघितलं तर गेटच्या बाहेर गावाला जेवढं काम मिळालंय ते आतल्या 31 पेक्षा कमी नाही. पण भंगाराचा ठेका, बसचा ठेका, लोडिंगचा ठेका हे मोठं काम ज्यांच्या हातात आधीच सगळं होतं त्यांच्याच हातात गेलं, आणि ह्याबद्दल गावात कोणी मोठ्यानं बोलत नाही.

आता त्या 22 महिन्यांवर येतो, कारण मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हेच. फिटर ट्रेड दोन वर्षांचा असतो. इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिक हा ट्रेड पण दोन वर्षांचा, सीएनसीचा ॲडव्हान्स ट्रेड पण तेवढाच, इंडस्ट्रियल रोबोटिक्सचा तर एकच वर्षाचा. म्हणजे ज्या दिवशी कंपनीनं नारळ फोडला त्याच वर्षीच्या ॲडमिशनला जर जवळच्या आयटीआयमधे योग्य ट्रेड आणि योग्य मशीन आलं असतं, तर कंपनीचं पहिलं मशीन सुरू होताना गावची पहिली बॅच दारात उभी असती. हा योगायोग नाही, कारखाना उभा राहायला एवढा वेळ लागतोच. लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं बघा, 31 मार्च 2018 ला भूमिपूजन आणि डब्याचा पहिला सांगाडा बाहेर निघाला 25 डिसेंबर 2020 ला, म्हणजे पावणेतीन वर्षं, आणि त्यानंतर त्या कारखान्याला वंदे भारत स्लीपरच्या 1,920 डब्यांचं मोठं काम ठरलं. एवढ्या वेळात वेल्डरच्या दोन बॅच निघतात, वेल्डर एक वर्षाचा असतो. आपण जमीन मोजायला, रस्ता करायला, पाण्याची लाईन टाकायला कंपनीच्या आधी जातो. पोरं शिकवायला कंपनीच्या नंतर. कंपनीला पहिल्या दिवशी माणूस लागतो आणि तो शिकलेला जळगावहून मिळत असेल तर ती वाट कशाला बघेल.

हे मी बैठकीत बोललो तेव्हा मला सांगितलं गेलं की मागणीपत्र आल्याशिवाय ट्रेड बदलत नाही. आणि कंपनी म्हणते आमचं प्रॉडक्शन सुरू झाल्याशिवाय आम्ही मागणी कशी देणार. दोघांचं आपापल्या जागी बरोबर, आणि मधे दोन बॅच वाया.

म्हणून आम्ही जेवढं हातात होतं तेवढं केलं. ड्युअल सिस्टीम म्हणून एक सोय आहे, आयटीआय आणि कंपनीचा करार होतो, पोरं थिअरी आमच्याकडं शिकतात आणि काही महिने प्रत्यक्ष कंपनीत. एचआरवाल्यांनी वर विचारून ह्या वर्षीच्या बॅचसाठी सही केली. कंपनीनं रिजेक्ट झालेल्या 40 पेट्या आम्हाला दिल्या, पोरं त्या उघडतात, कुठून गळाली ते शोधतात, खडूनं खूण करतात. एक जुनं लीक टेस्टर पण आलं, पडून होतं त्यांच्याकडं. वाळूजहून निवृत्त झालेले एक मेंटेनन्सवाले काका दर शनिवारी येऊन पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, शिकवतात, पैसे घेत नाहीत, फक्त येण्या-जाण्याचं पेट्रोल. ॲप्रेंटिसचा स्टायपेंड आयटीआय पास पोराला 2019 च्या नियमाप्रमाणे कमीत कमी 7,000 आणि त्यातला काही भाग सरकार देतं, दरमहा जास्तीत जास्त 1,500. ठेकेदाराकडं ह्याच्यापेक्षा जास्त मिळतात म्हणून पोरं ॲप्रेंटिस सोडून फेटलिंगला जातात, घरच्यांना पण तेच बरं वाटतं, आणि वर्षानं त्यांच्याकडं ना सर्टिफिकेट राहतं ना हात. हे घरोघर जाऊन समजवावं लागतंय, मी जातो. तात्या पण आता माझ्याबरोबर येतात, त्यांचं ऐकतात लोक, कारण त्यांच्या घरात तिन्ही प्रकार आहेत.

तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना परवा दिलं. 31, त्यातले 2. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणले, "मग पुढच्या कंपनीला कधीपासून शिकवायला सुरुवात करायलात?"

धाकट्याची सुट्टी गुरुवारी असते. सकाळी नऊला तो वर्कशॉपला येतो, ज्युनिअर पोरांमधेच बसतो, त्याला लाज वाटत नाही. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम सील वाकडं लावून ठेवलं आणि सायकल चालवली, स्क्रीन लाल झाली. त्यानं पार्टला हात लावला नाही. वाकून सील बघितलं, काढून पुसलं, परत बसवलं, आणि आधी चांगला पार्ट लावून चालवलं. कंपनीची ॲप्रेंटिसची जाहिरात निघालीये, त्यानं फॉर्म भरलाय, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.